एकशे चाळीसवर थांबलेलं पाणी

१

ज्या सकाळी आमच्या दलदलीत एकोणीस म्हशी मेलेल्या सापडल्या, त्या सकाळी पाण्याची पातळी एकशे चाळीस, म्हणजे उत्तम होती.

हे मी पदरचं सांगत नाही. इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे आणि इतिवृत्त मीच लिहितो. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर माणूस दुसऱ्या कशाच्या कामाचा उरत नाही, म्हणून मला ‘दलदल बचाव भागीदारी’चा चिटणीस केलं. भागीदार पाच : जलखातं, तेल कंपनी, विद्यापीठ, एक परदेशी संस्था आणि आमची टोळी. फलकावर पाचांची चिन्हं इतकी मोठी आहेत की ‘दलदल’ हा शब्द खालच्या कोपऱ्यात बसवावा लागला.

आधीच्या राजवटीनं बांध घालून ही दलदल वाळवली होती. राजवट गेली तेव्हा आम्ही फावड्यांनी बांध फोडून पाणी परत आणलं. त्याला एक दुपार लागली. आता पाणी राखायला पाच भागीदार आणि अठ्ठावीस पानांचा करार लागतो. करार मीच टोळीप्रमुख शेखच्या मुधीफमध्ये, म्हणजे बोरूच्या मोठ्या सभागृहात, सगळ्या टोळीला वाचून दाखवला होता. त्या दिवशी जेवण उत्तम होतं. निखाऱ्यावरचा मासा आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या.

करारातली मुख्य गोष्ट सोपी आहे. पातळी एकशे वीस सेंटिमीटरच्या खाली गेली की वरच्या धरणाचा दरवाजा तीन दिवसांत उघडायचा. तोवर तो बंद आणि पाणी तेल कंपनीच्या कालव्याला. पातळी वाचायची ती उम्म हत्ताबच्या बेटावरच्या निळ्या-पांढऱ्या मोजपट्टीवर. ही साठीची विधवा रोज सकाळी म्हशींचं दूध काढते, मग पट्टीचा फोटो काढून भागीदारीच्या ग्रुपवर टाकते. चौदा महिने, चारशेच्या वर फोटो. प्रत्येकात पाणी एकशे चाळीसच्या रेघेवर.

मेलेल्या म्हशींची पोटं फुगली होती, तोंडाला मिठाचा पांढरा थर होता; पाणी उतरलं की दलदल खारट होते. उरलेल्या बेटांवर अजून दोनशे म्हशी होत्या आणि जून महिना होता. दहा-बारा दिवसांत गोडं पाणी आलं नाही तर त्याही जाणार, आणि त्यांच्यामागे माणसंही. म्हशीवाचून दलदलीत राहणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

बैठक बसली. जलखात्याचे इंजिनिअर मुनाफ राजधानीतून आले होते. बुटाला चिखल लागणार नाही अशा बेतानं बसले होते.

“फोटोत एकशे चाळीस आहे,” ते म्हणाले. “म्हणजे पाणी आहे.”

“माझी होडी तळाला घासतेय, साहेब,” शेख म्हणाले.

“होडी मोजमापाचं साधन नाही.”

“आणि म्हशी?”

“म्हशी पशुखात्याकडे येतात.”

तेल कंपनीचा निझार गोड हसला. हसण्यासाठीच त्याला नेमलेलं आहे. “फोटो खोटे असतील,” तो म्हणाला. “बाईंनी एकच फोटो रोज पाठवला असेल. असं असेल तर फसवणुकीचा गुन्हा होतो. वाईट वाटतं, पण होतो.”

मी माझ्या फोनवर फोटो पाहिले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. उजेड वेगळा, ढग वेगळे, पक्षी वेगळे. फोटो खरे होते, पट्टी खरी होती, आणि पाणी कुणीतरी पळवलं होतं.

२

तपासाला माणूस हवा होता. पाचही भागीदारांचा ज्याच्यावर आक्षेप नाही असा एकच निघाला, कारण त्याला कुणी ओळखत नव्हतं. फौजदार खय्यून, निवृत्त. सव्वीस वर्षं त्यानं पोलिसात फक्त म्हैसचोऱ्यांचा तपास केला होता. म्हशीचे कान बघून तो तिची आजी सांगतो असं म्हणत.

“पाणी शोधायचंय,” मी त्याला सांगितलं.

“मला पाण्यातलं काही कळत नाही, मास्तर.”

“समितीतल्या कुणालाच कळत नाही. संकोच नको.”

होडीत बसल्यावर त्यानं माझा फोन मागून घेतला आणि बेट येईपर्यंत मान वर केली नाही. दोनदा मात्र हसला. होडी चार ठिकाणी अडली. चारही वेळा उतरून मीच ढकलली, कारण तपास अधिकाऱ्याचं लक्ष विचलित करणं बरं नव्हे.

उम्म हत्ताबनं चटईवर बसवलं, चहा दिला. तिच्या बोरूच्या झोपडीमागे दोन जाड दोर पाण्यात गेलेले होते.

“तू कोण रे, भाऊ?” तिनं खय्यूनला विचारलं.

“फौजदार.”

“मग बेड्या कुठायत? तो हसरा म्हणालाय ना, मला आत टाकायचं.”

“बेड्या गंजल्या, आई. तुमच्याच पाण्यानं.”

ती हसली. मग एकदम थांबली आणि मेलेल्या म्हशी जिथे ओढून टाकल्या होत्या त्या दिशेला बघत राहिली. “त्यातल्या सात माझ्या,” ती म्हणाली. “नावं सांगू?”

“सांगा.”

तिनं सातही नावं सांगितली. खय्यूननं सातही लिहून घेतली. समितीच्या अहवालात ‘पशुहानी : १९’ एवढंच आहे.

“फोटो म्हशी पाण्यात उतरल्यावरच का काढता?” त्यानं विचारलं.

“आधी काढला तर मध्ये येतात. सगळ्यांना फोटोत यायचं असतं. आता ही वर्दा बघ, उतरली तरी मागे घोटाळतेच.”

वर्दा म्हणजे तिची लाडकी म्हैस. डाव्या कानाला खाच. तेवढ्यात ती पाण्यातून हुंदडत बेटावर चढली आणि माझ्या पेल्यातला चहा हिंदकळून बशीत सांडला. वयामुळे हात थरथरतो, असं म्हणून मी माफी मागितली.

खय्यून माझ्या हाताकडे नाही, पेल्याकडे बघत होता.

“शेवटचा प्रश्न, आई. पट्टीसाठी ही जागा कुणी दाखवली?”

उम्म हत्ताबनं चहाची किटली उचलली, ती रिकामी होती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि ती चहा आणायला म्हणून आत गेली. ती बाहेर आलीच नाही.

३

संशयितांना खय्यून ज्याच्या त्याच्या जागी जाऊन भेटला.

इंजिनिअर मुनाफ म्हणाले, “मी म्हटलं होतं पट्टी पक्क्या जमिनीत रोवा. समोरच्या जुन्या बांधावर. कागदावर माझा आग्रह नोंदलेला आहे.”

“मग रोवली का नाही?”

“हेन्रिकला विचारा.”

हेन्रिक हा परदेशी संस्थेचा सुरक्षा अधिकारी. पाच वर्षं इथे राहून आमची भाषा बोलतो, पण प्रत्येक वाक्य परवानगी मागितल्यासारखं. “बांधावर कवटीचा फलक आहे,” तो म्हणाला. “लाल फलक. म्हणजे सुरुंग. लढाईच्या काळातले. संस्थेचा नियम, जिथे फलक तिथे पाऊल नाही. बेटावर फलक नव्हता. बेट सुरक्षित.”

“बेट कुणी सुचवलं?”

“सगळ्यांनी. म्हणजे... बाई म्हणाल्या, माझ्याकडे लावा, मी रोज बघेन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्थानिक महिलेचा सहभाग. आमच्या वार्षिक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे.”

निझारनं आम्हाला थंड खोलीत बसवून खजूर दिले. “फौजदारसाहेब, पाणी कालव्यात येतं, आम्ही घेतो. पट्टी एकशे वीस दाखवेल त्या दिवशी थांबू. आम्ही कराराला बांधील आहोत.”

“बेटावर कधी गेलात?”

“मला पाण्याची भीती वाटते,” निझार म्हणाला, आणि मला वाटतं ते त्यानं उच्चारलेलं एकमेव खरं वाक्य असावं.

परत येताना मी म्हटलं, “निझारच. फायदा त्याचाच आहे.”

“फायदा त्याचा आहे,” खय्यून म्हणाला. “पण म्हैस चोरणारा नेहमी दूध पिणाराच असतो असं नाही. मास्तर, होडी त्या बांधाला लाव.”

“तिथे सुरुंग आहेत!”

त्यानं ऐकलं नाही. होडी टेकायच्या आत त्यानं उडी मारली, आणि लाल कवटीच्या फलकापलीकडे सरळ चालत गेला.

४

मी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. उघडले तेव्हा खय्यून बांधावर उकिडवा बसून शेण निरखत होता.

“ये वर,” तो ओरडला. “ताजं आहे.”

“मी इथूनच मानतो!”

“अरे, इथे शेणाचे थरावर थर आहेत. म्हशींचे खूर, येण्याचे, जाण्याचे. वर्षानुवर्षं कळप जातोय इथून. एका म्हशीचं वजन सहाशे किलो. हा कसला सुरुंग, ज्याला म्हैस लागत नाही आणि फक्त इंजिनिअर लागतो?”

मी वर गेलो. फलकाच्या मागे दुसऱ्याच जिल्ह्याच्या रस्त्याचं नाव होतं. फलक कुणीतरी उपटून आणून इथे रोवला होता.

“कुणी?”

खय्यूननं उत्तराऐवजी फोन माझ्यापुढे धरला. “हा पहिला फोटो. गेल्या वर्षीचा एप्रिल. तू पट्टी बघतोस. सगळे पट्टीच बघतात. मी मागची म्हैस बघतो. डाव्या कानाला खाच.”

“वर्दा.”

“फक्त डोकं वर. पोहतेय. पाय टेकत नाहीत. आता हा कालचा. तीच जागा, तीच वर्दा, मागे हाच बांध. ती उभी आहे आणि पाणी गुडघ्याच्या खाली. आता सांग, चौदा महिन्यांत वर्दा उंटाएवढी वाढली का?”

मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. पहिल्यात पाणी फलकाच्या पायाला लागलेलं होतं. कालच्यात फलकाखाली माणूसभर उंच कोरडा चिखल. महिन्यामागून महिना बांध पाण्यातून वर वर येत होता, आणि पट्टी एकशे चाळीसवर बसून होती. हे सगळं चौदा महिने माझ्या खिशात होतं.

“समितीला बोलाव,” खय्यून म्हणाला. “सगळ्यांना. बेटावरच. आणि उम्म हत्ताबला सांग, म्हशी आधी पाण्यात हव्यात, मग मी सांगेन तेव्हा बेटावर.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले. मुनाफ बुटांवर पिशव्या चढवून, निझार होडीची कड घट्ट धरून, हेन्रिक नारिंगी जाकीट घालून, विद्यापीठाचे प्राध्यापक उशिरा. खय्यूननं आधी कुणालाच बेटावर चढू दिलं नाही. म्हशी पाण्यात होत्या. पट्टी एकशे चाळीस. सगळ्यांनी होडीतूनच वाचली, मी लिहिली.

मग उम्म हत्ताबनं म्हशींना घातलेली हाक ऐकू आली. प्रत्येकीची हाक वेगळी असते. उरलेल्या अकरा म्हशी एकामागून एक वर चढल्या. मग शेख. मग समिती.

“वाचा,” खय्यून म्हणाला.

मी वाकलो. “एकशे... सत्तेचाळीस.”

“पाणी वाढलं!” हेन्रिक आनंदानं ओरडला.

“पाणी वाढलेलं नाही,” खय्यून म्हणाला. “समिती चढलीय.”

त्यानं मागचे दोन दोर दाखवले. “जमिनीला कुणी दोरानं बांधून ठेवतं का? काही बेटं तळापासून रचलेली असतात, काही तरंगती. दिसायला सारखीच. हे तरंगतं आहे. म्हैस चढली की चहा सांडतो, तो मास्तरच्या वयामुळे नाही. पाणी माणूसभर उतरलं, बेट माणूसभर उतरलं, त्याच्याबरोबर तुमची पट्टी माणूसभर उतरली. ही पट्टी शंभर वर्षं एकशे चाळीसच दाखवेल. समिती जाडी झाली नाही तर.”

“म्हणजे फसवणूक!” निझार म्हणाला. तो आता हसत नव्हता.

“म्हणजे मोजमाप कधी झालंच नाही. बांधावर खोटा फलक होता, म्हणून पट्टी बेटावर आली. आता दोन प्रश्न. फलक कुणी लावला आणि बेट कुणी सुचवलं?”

“दोन्ही मी,” उम्म हत्ताब म्हणाली.

ती वर्दाच्या मानेवर हात ठेवून उभी होती. “फलक तुमच्यासाठी नव्हता. बॅटरीवाले येतात, पाण्यात वीज सोडून पिलांसकट मासे मारतात. त्यांना कवटीचीच भाषा कळते. हा नारिंगी पोरगा घाबरेल हे मला काय माहीत?”

“आणि बेट?” खय्यूननं हळूच विचारलं. “तरंगतं आहे हे माहीत होतं ना?”

“चाळीस वर्षं झोपते मी यावर. माहीत नसेल?” तिनं मान ताठ केली. “करारात होतं. पाणी एकशे वीसच्या खाली गेलं की सगळ्या कुटुंबांना उचलून शहराबाहेरच्या सिमेंटच्या वसाहतीत नेणार. मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हटलं, मग तो आकडा खाली जाताच कामा नये. पाणी काय, येतं, जातं. एकदा ट्रकात चढलेला माणूस परत येत नाही. मागच्या राजवटीत पाहिलंय मी.”

“अहो आई,” खय्यून म्हणाला, “आकडा खाली गेला असता तर तीन दिवसांत धरणाचा दरवाजा उघडला असता. गोडं पाणी आलं असतं. मागच्या हिवाळ्यातच.”

“कसला दरवाजा?”

ती आमच्याकडे एकेकाकडे बघू लागली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

खय्यून सावकाश वळला. सव्वीस वर्षं चोरांकडे बघितलेले डोळे होते ते. “हिला करार कुणी वाचून दाखवला?”

६

मी.

कुटुंबं हलवण्याचं कलम सहाव्या पानावर आहे. दरवाजाचं कलम सातव्या. सहावं पान संपलं तेव्हा शेखची माणसं परात घेऊन दारात उभी होती आणि माशाचा वास आला होता. मी म्हणालो, “पुढचं सगळं तांत्रिक आहे,” आणि कागद मिटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात ‘करार संपूर्ण वाचून दाखवला’ असं आहे. अक्षर सुंदर आहे.

रहस्य उलगडलं. अशा गोष्टी इथे संपतात. आमची इथून पुढे चालू राहिली.

मुनाफ म्हणाले, दरवाजा उघडायला मान्यताप्राप्त पट्टीवरचं वाचन लागतं. मान्यताप्राप्त पट्टी हीच, आणि ती एकशे चाळीस दाखवते. नवी पट्टी मान्य व्हायला तिचं सलग तीन महिन्यांचं वाचन हवं. शेख म्हणाले, मग आजच बांधावर रोवा. हेन्रिक म्हणाला, बांधावर फलक आहे. उम्म हत्ताब म्हणाली, तो मी लावलाय रे, बाळा, उपटते आत्ता. हेन्रिकच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, फलक लावायला परवानगी लागत नाही, काढायला लागते. सुरुंग नाहीत याची तपासणी झाल्याशिवाय नाही. रांग दोन वर्षांची आहे.

खय्यूननं टोपी घातली. “म्हैसचोरीत बरं असतं,” तो मला म्हणाला. “चोर सापडला की म्हैस परत मिळते.” तो त्याच संध्याकाळी गावी गेला.

मग जुलैत एक चमत्कार झाला. पाणी इतकं उतरलं की बेट तळाला टेकलं, आणि पट्टी पहिल्यांदा खरं बोलू लागली. एकशे अडतीस. एकशे एकतीस. बाई रोज फोटो पाठवत होती. आता मागे वर्दा दिसत नव्हती. मी रोज आकडा वाचत होतो आणि आयुष्यात प्रथमच पाणी कमी व्हावं म्हणून प्रार्थना करत होतो. एकशे वीस. एकशे एकोणीस.

त्या दिवशी दोन्ही कलमं एकदम लागू झाली. दरवाजाच्या आदेशाला पाच भागीदारांच्या सह्या लागतात. ट्रकांना एकाचीच. ट्रक दुसऱ्या सकाळी आले. दरवाजा पाच आठवड्यांनी उघडला, फीत कापून. तोवर त्याच्यामागेही सांगण्यासारखं पाणी उरलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात मी वसाहतीत गेलो. पुनर्वसन समाधानकारक असल्याच्या फॉर्मवर अंगठे घ्यायचे होते. उम्म हत्ताब सिमेंटच्या पायरीवर बसली होती. अंगणात काहीच नव्हतं. इतकं काहीच नाही मी पूर्वी कुठे पाहिलं नव्हतं.

“बस, मास्तर,” ती म्हणाली. “चहा सांडणार नाही इथे.”

मी फॉर्म पुढे केला. तिनं तो बाजूला ठेवला.

“तो मोठा कागद आहे का तुझ्याकडे? राहिलेला वाच.”

करार माझ्या पिशवीत असतोच. मी सातव्या पानापासून सुरुवात केली. अठ्ठाविसाव्यापर्यंत वाचलं, सह्यांसकट. सव्वा तास लागला. तिनं फक्त दरवाजाच्या कलमाला हात वर केला, म्हणून ते दोनदा वाचलं.

वाचून झाल्यावर मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. “त्या दिवशी जेवण तयार होतं,” मी म्हणालो. “भाकऱ्या थंड झाल्या असत्या.”

“माहीत आहे,” उम्म हत्ताब म्हणाली. “चटईच्या पलीकडे मीच भाजत होते. तू वाचत राहिला असतास तर मी परत भाजल्या असत्या.”

तिनं अंगठा पुढे केला. मी शाईची डबी उघडली.